थापटणे आणि मुद्रा

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, सळया ओढणारे कारखाने, आणि छपरांवर, तुळशीच्या पानांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी, असा तेथला परिसर. तेथील एका कारखान्यात माझ्या थोरल्या बंधूंनी उमेदीची सगळी वर्षे काढली. २००७ साली नवी भट्टी उभारण्यासाठी तेथे एक चिनी तंत्रज्ञ आला आणि चार महिने राहिला. त्याला हिंदी येत नव्हते आणि दादांना चिनी येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांचे सारे व्यवहार खुणांवर आणि कागदावर काढलेल्या आकृत्यांवर चालत. परत जाताना त्याने दादांना मातीची एक लहानशी चहादाणी दिली. जेमतेम दोन कप चहा मावेल एवढी, जांभळट तपकिरी रंगाची, बिनझिलईची. दुपारची पाळी संपवून आले की दादा तीत बिनदुधाचा चहा करीत आणि एकटेच पीत बसत. घरातल्या इतरांना तो चहा कधी आवडला नाही.

२०१२ साली मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्याच्या थोडेच आधी चिनी मातकामावरचा एक सचित्र ग्रंथ माझ्या वाचनात आला होता आणि नवशिक्याला जो उत्साह असतो तो माझ्या अंगात होता. मी चहादाणी उलटी केली, तळाशी उमटविलेली चौकोनी मुद्रा पाहिली. ग्रंथात छापलेली एका थोर कारागिराची मुद्रा मला आठवत होती. ही तीच होती, किंवा तिची नक्कल होती. मी म्हणालो, "दादा, ही खोटी आहे. या मुद्रेची खरी वस्तू लाखो रुपयांना जाते. ती कोणी अशी देऊन टाकील का?" दादा "असं होय?" एवढेच म्हणाले आणि माझ्यासाठी साधा, दुधाचा चहा करायला त्यांनी वहिनींना सांगितले.

दादा २०२१ साली गेले. गेल्या हिवाळ्यात मी उरल्याला गेलो तेव्हा वहिनींनी पत्र्याच्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चहादाणी काढली. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही खोटी म्हणालात त्या दिवसापासून त्यांनी हिच्यात चहा केला नाही. मला टाकवत नाही. आता हिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. या लेखाचे प्रयोजन ते उत्तर शोधणे हेच आहे. ‘खोटी’ हा शब्द मी नेमका कशाला उद्देशून वापरला होता? मातीला, आकाराला, की तळाच्या मुद्रेला? या तिन्हींपैकी एक खोटे असेल तर उरलेली दोनही खोटी ठरतात काय? आणि ठरत असली, तरी आपल्या घरात आपल्या वस्तूत चहा पिणाऱ्या माणसाला ते सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? साहित्याचे मूल्यमापन हाच ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्याला हे प्रश्न नवे असू नयेत. पण आपल्या व्यवसायातले प्रश्न आपल्याला बहुधा दुसऱ्याच्या व्यवसायात दिसतात.

ज्या चहादाण्यांची ही जात, त्यांचे माहेर चीनच्या ज्यांगसू प्रांतातील, थाय सरोवराजवळचे यीशिंग. तेथल्या डोंगरातून निघणारा लोहयुक्त दगड उघड्यावर ठेवून ऊनपावसाने फुटू देतात, मग दळतात, भिजवतात आणि पुष्कळ काळ मुरवत ठेवतात. या मातीला चिनी भाषेत ‘जांभळी वाळू’ अशा अर्थाचे नाव आहे. प्रत्यक्षात तिच्यात जांभळ्याबरोबर तांबडे आणि पिवळसर प्रकारही आढळतात. अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास ती भाजली जाते. झिलई नसूनही पात्र गळत नाही, पण त्याच्या अंगात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत चहाचा अंश मुरत जातो. म्हणून एका पात्रात एकाच जातीचा चहा करावा असा तेथल्या रसिकांचा दंडक आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने पात्राला आतून आल्यासारखी तुकतुकी येते. या वापराला चिनी लोक पात्र ‘पोसणे’ म्हणतात. वस्तू कारागिराच्या हातून सुटली की पुरी झाली, असे येथे मानलेले नाही. तिचा उरलेला भाग वापरणाऱ्याने घडवावयाचा असतो.

घडणीची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. ही पात्रे परंपरेने चाकावर घडवीत नाहीत. मातीचा गोळा लाकडी ठोकण्याने बडवून पोळीसारखा सपाट करतात, त्याची पट्टी कापून तिचे नळकांडे जुळवतात, आणि ते हळूहळू फिरवीत लाकडी फळीने बाहेरून थापटत थापटत त्याला पोट आणि खांदा आणतात. ही फळी म्हणजे आपल्या कुंभाराचे थापटणेच होय. आपला कुंभार चाकावरून उतरविलेले मडके अर्धवट सुकू देतो, आत दगडी गोळा धरतो आणि बाहेरून थापटण्याने त्याला फुगवतो. एवढ्या दूरच्या या दोन परंपरांत ओल्या मातीशी बोलण्याचे साधन एकच आहे. या साधनाकडे मी पुन्हा येणार आहे.

चांगल्या चहादाणीच्या काही कसोट्या सर्वमान्य आहेत आणि त्यांना मुद्रेची गरज नाही. झाकण हलता कामा नये. झाकणावरचे छिद्र बोटाने बंद केले की चोचीतून पडणारे पाणी थांबले पाहिजे. धार एकसंध पडावी आणि थांबविल्यावर चोचीच्या हनुवटीवरून थेंब ओघळू नये. झाकण काढून पात्र पालथे ठेवले असता सरळ बांध्याच्या पात्रात चोच, तोंड आणि मुठीचा माथा ही तिन्ही एकाच पातळीत टेकावीत. भरलेले पात्र हातात घेताना मनगटाला ओढ बसू नये. या कसोट्या उपयोगाच्या आहेत की सौंदर्याच्या, हे सांगणे अवघड आहे. कलामूल्ये लौकिक व्यवहारापासून स्वतंत्र आहेत की त्यातच रुजलेली आहेत, हा वाद मराठी समीक्षेने मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांपर्यंत मोठ्या सूक्ष्मतेने केला. चहादाणी त्या वादात बसत नाही. ज्या चहादाणीची धार वाकडी पडते तिचा आकार सुंदर आहे असे म्हणताना जीभ अडखळते, आणि जिची धार सुरेख पडते तिच्या चोचीचे वळण डोळ्यालाही सुरेखच वाटते.

उन्हाळ्याच्या तोंडावर रायपूरच्या बाजारात माठ घेणारी बाईही अशीच परीक्षा करते. बोटाच्या पेराने माठ वाजवते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. माठ घडविणाऱ्याचे नाव ती विचारीत नाही, आणि विचारले तर कुंभारालाच नवल वाटेल. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी १९२५ च्या सुमारास लोककलेच्या वस्तूंसाठी नवा शब्द रूढ केला तेव्हा त्यांना याच अनाम कारागिराचा गौरव करावयाचा होता. नाव नसणे हे त्यांना त्या सौंदर्याचे एक कारणच वाटत होते.

यीशिंगमध्ये मात्र नाव आले आणि फार लवकर आले. मिंग काळाच्या अखेरीस शि दाबिन यांच्यासारख्या कारागिरांची नावे पात्रांवर दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छन मानशंग (१७६८–१८२२) या विद्वान अधिकाऱ्याने स्वतः आकार सुचविले, यांग पंगन्येन या कारागिराने ती पात्रे घडविली, आणि पात्रांच्या पोटांवर वचने कोरली गेली. त्यानंतर चहादाणी नुसती वापरण्याची वस्तू राहिली नाही, ती वाचण्याची वस्तू झाली. वाचण्याची वस्तू झाली की तिला कर्ता लागतो. कर्ता आला की त्याची कीर्ती येते, आणि कीर्तीच्या मागोमाग बाजार येतोच. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ मानले गेलेले कारागीर गू जिंगझोऊ (१९१५–१९९६) यांची एक चहादाणी २०१० साली बीजिंगच्या लिलावात एक कोटी तेवीस लाख युआनला गेली. २०१५ साली त्यांच्या दहा नगांच्या एका चहासंचाला नऊ कोटी वीस लाख युआन आले. दादांच्या चहादाणीवर मुद्रा होती ती यांचीच.

येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. १९३० नंतरच्या दशकात शांघायच्या पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगचे तरुण, हुन्नरी कारागीर कामास ठेवले आणि त्यांच्याकडून जुन्या थोरांच्या नावाची पात्रे करवून घेतली. विशीतले गू जिंगझोऊ त्यांच्यात होते. पुढे स्वतः मोठी नावाजलेली ज्यांग रोंग ही कारागीर स्त्रीही होती. या नकला इतक्या सरस उतरल्या की त्यांतल्या काही मोठ्या संग्रहांत मूळ म्हणून जाऊन बसल्या. सतराव्या शतकातील छन मिंगयुआन यांची म्हणून जपलेली एक वस्तू आपल्याच हातची आहे, असे ज्यांग रोंगने उतारवयात सांगितले. ज्याच्या मुद्रेच्या आज सर्वाधिक नकला होतात त्याने तारुण्यात दुसऱ्यांच्या मुद्रा उमटविल्या होत्या. आता त्या तरुण हातांनी केलेली नक्कल कोणत्या खान्यात ठेवावी? मुद्रेच्या दृष्टीने ती खोटी. माती खरी, हात तर त्या शतकातला सर्वोत्तम. ती कोणाची हे कळताच तिची किंमत पुन्हा वाढते, कारण आता ती ‘गू जिंगझोऊंनी केलेली नक्कल’ ठरते. या सगळ्या उलथापालथीत पात्र जेथल्या तेथे असते. त्याच्या चोचीतून पडणाऱ्या धारेत एका केसाचाही फरक पडत नाही.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे काही जाणले जाते, कारण घडे आणि परळ ही वाणीने दिलेली नावे आहेत आणि सत्य आहे ती माती. वेदान्ताच्या विद्यार्थ्याला हा दृष्टान्त पाठ असतो. यीशिंगच्या बाजाराने तो बरोबर उलटा करून दाखविला आहे. तेथे नाव तेवढे सत्य, आणि माती त्याचा विकार.

पण हे वाक्य लिहून मराठी साहित्याच्या अभ्यासकाला सुटता येत नाही. आपल्या अभंगाला शेवटी नाममुद्रा असते आणि ती मुद्राच आहे. नामदेवांच्या गाथेत ‘नामा’ या मुद्रेखाली पुढच्या काळातील विष्णुदास नामा यांच्यासारख्यांच्या रचना मिसळल्या आहेत, हे संशोधकांनी दाखवून दिले. इतर संतांच्या गाथांतही प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न आहे. एखाद्या अनाम भक्ताने आपला अभंग थोर संताच्या नावाने सोडून दिला असेल, तर ती शांघायच्या व्यापाऱ्याने केली तशीच बनवाबनवी म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. व्यापारी दुसऱ्याचे नाव घेतो ते स्वतः मिळविण्यासाठी, भक्त घेतो ते स्वतःला पुसण्यासाठी. कृती बाहेरून सारखी दिसली तरी लाभ कोणाकडे वाहतो हे पाहिल्यावाचून तिचे नैतिक मोल ठरत नाही. तथापि भक्ताचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी संहितेचे सत्य त्यामुळे डागाळतेच. म्हणून तर एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुन्हा कोणी आपली भर घालू नये असे कठोरपणे बजावले. नामाविषयी निःस्पृह असलेली परंपराही कोणाचे काय, हे विसरायला तयार नव्हती.

नाव पुसून केलेली परीक्षा निर्दोष असते, असेही नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली ग्रंथरूपाने मांडले. नामवंत विद्यापीठातले ते वाचक नावाचा आधार सुटताच कसे भरकटले हे त्या ग्रंथात पानोपानी दिसते. नावाबरोबर काळ, परंपरा, कवीची इतर रचना असे बरेच काही येते. नाव म्हणजे केवळ प्रतिष्ठा नव्हे, पाहण्याची जागाही ते देते. ती जागा गेली की पुष्कळांना काहीच दिसत नाही.

शिवाय खोट्या मुद्रेला ‘चालायचेच’ म्हणून सोडता येत नाही. २००५ साली यीशिंगजवळच्या मुख्य डोंगरातील खाणकामाला मनाई झाली आणि अस्सल मातीचे मोल वाढले. २०१० साली चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने दाखविले की साध्या मातीत रासायनिक रंगद्रव्ये मिसळून ती ‘जांभळी वाळू’ म्हणून खपविली जात आहे आणि नामवंतांच्या मुद्रेखाली भलत्याच हातांचे काम विकले जात आहे. रोज ज्यात उकळते पाणी ओतावयाचे त्या मातीत काय मिसळले आहे, हा रसिकतेचा प्रश्न उरत नाही. तेव्हा खऱ्याखोट्याचा निवाडा करणारा जाणकार समाजाला हवाच. मी उरल्याच्या त्या घरात बोललो याची मला खंत नाही. खंत आहे ती मी कसे बोललो याची.

मी जे केले ते असे. तीन वेगळ्या प्रश्नांना एका शब्दाने उत्तर दिले. मुद्रा त्या कारागिराची आहे का, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे होते, आणि ते देण्यापुरते माझे ज्ञान पुरेसे होते. माती चांगली आहे का, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते, आजही नाही. पात्र पात्र म्हणून चांगले आहे का, हा तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर सहज मिळण्यासारखे होते, पण त्यासाठी पात्रात पाणी भरावे लागले असते, आणि मी ते भरले नाही. मी सरळ तळ पाहिला. चौथा प्रश्न तर मला सुचलाही नाही. चार महिने एकमेकांची भाषा न कळता एका भट्टीपाशी राबलेल्या दोन माणसांत जे काही निर्माण झाले होते ते खरे होते की खोटे? त्या चिनी गृहस्थाला मुद्रेचे काही ठाऊक असेलच असेही नाही. त्याने आपल्या गावाकडची, आपल्या समजुतीने चांगली अशी वस्तू दिली होती. माझा एक शब्द या चारही प्रश्नांवर पसरला. दादा कारखान्यातले माणूस होते, शिकल्यासवरल्या धाकट्या भावाच्या शब्दाला मान देणारे. त्यांनी चारही उत्तरे एकदमच स्वीकारली.

परीक्षा कशी असावी याचा एक धडा मराठी माणसाला लहानपणीच मिळालेला असतो. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारतात. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबा सांगतात. मग आमचीही परीक्षा करा, असा आग्रह होतो. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सगळे शांत राहतात, नामदेवांना तेवढा राग येतो, आणि हे मडके कच्चे, असा निर्णय मिळतो. नामदेव दुखावून पंढरपुरास जातात. पुढे विसोबा खेचरांकडे त्यांना गुरुबोध होतो.

ही आख्यायिका आपण बहुधा नामदेवांच्या अहंकाराची कथा म्हणून ऐकतो. परीक्षकाची कथा म्हणून ती वाचली तर तीत तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की नामदेवांचे नाव तेव्हा सर्वांत मोठे होते, साक्षात विठ्ठलाशी बोलणारा भक्त म्हणून. त्या मुद्रेचा गोरोबांच्या हातावर परिणाम झाला नाही, आणि कोणाच्या लहानपणाचाही झाला नाही. थापटणे एकच, आणि ते सर्वांना सारखे. दुसरी अशी की गोरोबांनी ‘कच्चे’ म्हटले, ‘खोटे’ म्हटले नाही. या दोन शब्दांत परीक्षेचे सारे नीतिशास्त्र सामावले आहे. कच्चे ही अवस्था आहे, आणि त्या शब्दात भट्टीची वाट उघडी असते. खोटे हा निकाल आहे, आणि त्यानंतर वस्तूला जाण्यासारखी जागा उरत नाही. तिसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. थापटणे हे मुळात परीक्षेचे साधन नाही, ते घडविण्याचे साधन आहे. ज्याने मडक्याला आकार येतो त्यानेच त्याची परीक्षा होते. मुद्रेचे तसे नाही. ती अखेरीस एकदाच उमटते आणि वस्तूच्या घडणीत तिचा काही वाटा नसतो.

समीक्षेलाही हीच निवड करावी लागते. तिचा शब्द थापटण्यासारखा पडू शकतो. आत आधाराचा हात धरून, आवाज ऐकत, कोठे चीर आहे ते सांगत. किंवा तो मुद्रेसारखा पडतो. ‘थोर’ ही एक मुद्रा, ‘खोटे’ ही दुसरी. दुसऱ्याची खोटी मुद्रा ओळखल्याच्या आनंदात मी त्या चहादाणीवर माझी स्वतःची मुद्रा उमटविली, आणि पहिलीपेक्षा ती अधिक खोल गेली. तरुणपणी कित्येक कवींच्या पहिल्या संग्रहांवर मी अशा मुद्रा उमटविल्या असतील. त्यांच्यापैकी काहींनी पुढे लिहिले नाही. ते माझ्यामुळेच, असे म्हणणे हाही अहंकार होईल. पण माझ्यामुळे नक्कीच नाही, असे म्हणण्याचे धैर्य आता होत नाही.

गोरोबांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे, आणि तो आठवल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. भजनाच्या तंद्रीत माती तुडवताना त्यांचे स्वतःचे मूल त्यांच्या पायांखाली गेले. संतपरंपरेने परीक्षकाचे काम कोणा निष्कलंक पुरुषाकडे दिलेले नाही. न पाहता तुडविल्याचे दुःख ज्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे, त्याच्या हाती तिने थापटणे दिले. ते हलक्या हाताने मारावे लागते हे अशा माणसाइतके कोणाला ठाऊक असणार?

उरल्याहून परतताना रायपुरात माधवराव सप्रे यांच्या नावाच्या शाळेवरून गेलो. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने पेंड्राहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांच्या मासिकात १९०१ साली आलेली टोपलीभर मातीची कथा हिंदीतील पहिली कथा मानणारे अभ्यासक आहेत. जमीनदाराने झोपडी बळकावलेली एक विधवा त्याच्याकडे त्या जागेची टोपलीभर माती मागते. झोपडी सुटल्यापासून जेवण सोडलेल्या नातीसाठी तिला त्या मातीची चूल घालावयाची असते. टोपली उचलायला ती जमीनदारालाच हात लावायला सांगते आणि त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नाही, तर सगळ्या जागेचा भार जन्मभर कसा पेलणार, या तिच्या प्रश्नाने त्याचे डोळे उघडतात. मातीला बाजारातल्या किमतीहून वेगळे एक वजन असते आणि ते उचलायला गेल्यावरच कळते, हे या प्रदेशात राहून लिहिणाऱ्या मराठी माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी समजले होते.

वहिनींना मी जे उत्तर दिले ते त्याच दिवशी संध्याकाळी दिले, या सगळ्या विचारांच्या आधी. त्यात काही थोर नव्हते. मी चहादाणी नळाखाली धरून धुतली आणि तीत पाणी भरले. छिद्रावर बोट ठेवले, धार थांबली. झाकण घट्ट बसत होते. पालथी ठेवून पाहिली तर मूठ किंचित उंच होती. पाणी ओतले तेव्हा धार सरळ पडली, पण थांबविल्यावर एक थेंब चोचीखालून ओघळून पोटावर आला. मी म्हणालो, "वहिनी, खालचा शिक्का बहुतेक त्या माणसाचा नाही. माती कोणती ते मला सांगता येत नाही, म्हणून हिच्यात रोज चहा करा असं मी म्हणणार नाही. झाकण चांगलं आहे, धारही चांगली आहे. ओतून झाल्यावर एक थेंब मात्र खाली पडतो."

"तो पडतोच," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर ते खाली फडकं ठेवायचे." त्यांनी वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून एक घडी घातलेले फडके काढले. त्याच्या मध्यावर चहाचा, रुपयाएवढा, तपकिरी डाग होता.